सेहमतला कोणी विचारलं होतं?

माझं भांडण 'राझी' या सिनेमाशी नाही. थोडंसं आहे, त्याकडे नंतर येते. खरं भांडण आहे तो पाहून आपण जे बोलतो त्याच्याशी. आणि आपण म्हणजे तुम्ही-मी. शाळेत मराठी, घरात दखनी, शुक्रवारी नवा सिनेमा लागतो आणि जुम्म्याची नमाजही त्याच दिवशी असते, या दोन्हींचा मेळ घालत वाढलेली पोरं-पोरी.

'राझी' ११ मे २०१८ रोजी आला. म्हणजे आज जी मुलं कॉलेजात आहेत ती तेव्हा शाळेत होती. तरीही सिनेमा त्यांच्या तोंडी आहे. मोबाइलवर बघतात, तुकडे एकमेकांना पाठवतात, कुठलाही नवा हेरपट आला की "पण 'राझी'सारखा नाही" म्हणतात. सोलापुरात आमच्या मोहल्ल्याच्या अभ्यासिकेत आम्ही अधूनमधून भिंतीवर सिनेमा दाखवतो. 'राझी' तीन वेळा दाखवला, तीन वेगवेगळ्या गटांना. एकदा नुसत्या मुलांना, एकदा नुसत्या मुलींना, एकदा दोघांना मिळून आणि सोबत काही आया, चाच्या, एक निवृत्त मुख्याध्यापक. सिनेमा संपल्यावर चहा, आणि चहाबरोबर ज्याला जे वाटलं ते बोलायचं. मी ऐकत बसते आणि वहीत लिहून ठेवते. या लेखातली बरीचशी मतं त्या वहीतली आहेत. बोलणाऱ्यांची नावं देत नाही, कारण गल्ली एकच आहे.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगते. १९७१ची लढाई तोंडावर आलेली. काश्मीरचे हिदायत खान पाकिस्तानच्या ब्रिगेडियर सय्यद यांचे जुने दोस्त. निदान ब्रिगेडियरची तशी समजूत आहे. प्रत्यक्षात हिदायत भारतासाठी काम करतात. त्यांना असाध्य आजार झालाय, दिवस थोडे उरलेत, आणि नंतर हे काम कोण करणार हा प्रश्न आहे. दिल्लीत शिकणारी त्यांची मुलगी सेहमत ब्रिगेडियरच्या धाकट्या मुलाशी, इक्बालशी, लग्न करून त्या घरात जाते, बातम्या पाठवते, माणसं मारते, आणि शेवटी मोडून परत येते. दिग्दर्शन मेघना गुलजार यांचं, सेहमत आलिया भट, इक्बाल विकी कौशल. आधार हरिंदर सिक्का यांच्या 'कॉलिंग सेहमत' या २००८च्या कादंबरीचा. हिरोच्या नावावर नव्हे तर हिरॉइनच्या नावावर चाललेल्या या सिनेमाने देशात शंभर कोटींच्या वर धंदा केला आणि फिल्मफेअरची सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री ही तिन्ही बक्षिसं नेली.

आता मतं. तिन्ही वेळा पहिलं वाक्य जवळजवळ तेच आलं: "अपनेकू अच्छा बताये." आपल्याला चांगलं दाखवलं. एका मुलाने तर हिशेबच मांडला. हिदायत खान मुसलमान, चांगले. सेहमत मुसलमान, चांगली. तिला तयार करणारा खालिद मीरही आपलाच, तोही चांगला. तीन झाले. असा स्कोअर मांडत सिनेमा बघणारा प्रेक्षक दुसऱ्या कुठल्या समाजात आहे का हो? 'राझी' बघून कुठल्या पंजाबी किंवा मराठी घरात "आपली माणसं किती, त्यातली चांगली किती" असा हिशेब झाला असेल?

हा हिशेब कुठून आला ते कळतं मला. 'सरफरोश' १९९९चा. त्यातला इन्स्पेक्टर सलीम आमच्या आधीच्या पिढीला तोंडपाठ आहे, कारण वर्दी अंगावर असूनही त्याच्याकडे संशयाने पाहिलं जातं आणि तो ते बोलून दाखवतो. 'चक दे इंडिया' २००७चा. त्यात कबीर खानला एका हुकलेल्या गोलाबद्दल गद्दार ठरवलं जातं आणि मग कितीतरी वर्षांनी विश्वचषक आणून तो घराच्या भिंतीवरचा डाग पुसतो. हे दोन्ही सिनेमे मला आवडतात. पण हे बघत बघत आपल्याला एक सवय लागली. पडद्यावर खान, सय्यद, शेख असं नाव आलं की आपण गोष्ट बघणं सोडतो आणि निकाल लागायची वाट बघतो. पास की नापास? पास झाला की टाळ्या. सिनेमा कसा होता, ते माणूस कसं होतं, हे राहूनच जातं.

त्यात भर म्हणजे परीक्षा फक्त पात्राची नसते, बघणाऱ्याचीही असते. मुलांच्या गटात एक प्रसंग झाला. सगळे सेहमतच्या धाडसाबद्दल बोलत होते. मागच्या रांगेतला एक मुलगा हळूच म्हणाला, "इक्बाल अच्छा आदमी था यार." लगेच शेजारचा म्हणाला, "धीरे बोल." दोघंही हसले. मी हसले नाही. देशभरात लाखो लोकांना इक्बाल आवडला. बायकोला घाई न करणारा, तिच्यासाठी तिच्या आवडीची गाणी आणणारा नवरा कोणाला आवडणार नाही? लोकांनी ते उघड लिहिलं, बोललं, कोणी त्यांना विचारलं नाही की तुम्ही पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्यावर का भाळलात. आमच्या गल्लीतल्या एकवीस वर्षांच्या मुलाला मात्र चार भिंतींच्या आत, आपल्याच माणसांत, एका सिनेमातल्या पात्राबद्दलचं मत सांगताना आवाज खाली करावा लागला. तो आवाज खाली करायला त्याला कोणी शिकवलं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच की निदान आपण आपसात तरी "धीरे बोल" म्हणायचं बंद करू या.

बाहेरच्यांची मतं वेगळी आहेत आणि त्यांचंही ऐकायला हवं. अनेकांना 'राझी' पाकिस्तानबद्दल फार मवाळ वाटला. शत्रूच्या घरातली माणसं इतकी सभ्य कशी, असं त्यांचं म्हणणं. खुद्द कादंबरीकार सिक्का यांनी नंतर जाहीर नाराजी दाखवली. सिनेमाने शेवट बदलला, सेहमतच्या देशभक्तीची धार बोथट केली, असा त्यांचा रोख होता. म्हणजे आम्ही इकडे "पास झाली" म्हणून खूश, आणि तिकडे काहींच्या मते तिला रडू आलं म्हणून तिचे मार्क कापले पाहिजेत. एवढं करूनही मुलगी काठावरच!

'नाम शबाना'बद्दल बोलल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. तो ३१ मार्च २०१७चा, शिवम नायर यांनी दिग्दर्शित केलेला. २०१५च्या 'बेबी'मध्ये तापसी पन्नूची भूमिका छोटी होती, पण नेपाळमधल्या हॉटेलच्या खोलीत तिने केलेली मारामारी लोकांना इतकी आवडली की तिची आधीची गोष्ट सांगायला अख्खा सिनेमा निघाला. शबाना खान मुंबईची, कॉलेजात शिकणारी, कुडो खेळणारी. घरात आई, आणि मागे आईला मारणाऱ्या बापाचा काळा इतिहास. हेरगिरीपटात मारामारी कशी हवी ते बघायचं तर 'राझी'पेक्षा हा सिनेमा बघावा. आमच्याकडच्या मुलींना तो जास्त आवडतो, कारण शबाना कोणाच्या रडण्यावर जात नाही, सरळ हात उचलते.

पण त्यात एक जागा आहे. शबानाला निवडणारा अधिकारी, मनोज बाजपेयी, तिचा धर्म ही कामाची गोष्ट आहे, त्यामुळे जिथे इतरांना जाता येत नाही तिथे तिला जाता येईल, अशा अर्थाचं बोलून जातो. आमच्याकडे या जागी मुलांनी टाळी दिली. का दिली? नाव शबाना खान असलं की गुप्तचर खात्याचं दार उघडतं म्हणून? तेच नाव घेऊन पुण्यात किंवा मुंबईत भाड्याने खोली शोधून बघा. दलाल फोनवर नाव विचारतो आणि मग खोली कालच गेलेली असते. जो धर्म घरमालकाला चालत नाही तो खात्याला चालतो, कारण तो त्यांच्या उपयोगाचा आहे. उपयोगाचं असणं आणि आपलं असणं यांत फरक आहे, आणि तो फरक टाळी वाजवणाऱ्या मुलालाही घरी गेल्यावर कळतच असतो.

आणि दुसरी गोष्ट तर कोणाच्या तोंडून आलीच नाही. शबानावर खातं आधीपासून पाळत ठेवून असतं. ती कुठे जाते, काय खेळते, घरी काय झालं, कोणाशी बोलते, सगळं त्यांना माहीत. आधी पाळत, मग फोन, मग तिच्या जोडीदाराच्या खुन्याला मारायची सोय करून देऊन तिला बांधून घेणं. मुसलमान मुलीवर सरकारने नजर ठेवणं पडद्यावर इतकं सहज आहे की आम्हालाही ते खटकलं नाही, उलट "क्या नेटवर्क है" असं वाटलं. ज्या मोहल्ल्यात पोलीस येऊन गेले की आठवडाभर दुसरा विषय नसतो, त्या मोहल्ल्यात!

आता आपल्या आतल्या मतांकडे येते. ही ऐकायला जास्त कडू आहेत.

सेहमतबद्दल एका चाचांचं मत असं: बाकी सगळं ठीक, पण निकाहचा तमाशा केला. मनात दगा ठेवून निकाह कबूल करणं हा गुनाह आहे. एका मुलाची तक्रार होती की नवऱ्याशी फसवणूक करणारी बाई आदर्श कशी. अजून एकाचं म्हणणं होतं की परक्या पुरुषांबरोबर तिचं प्रशिक्षण दाखवायला नको होतं. यातलं निकाहबद्दलचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ज्याला दीन प्रिय आहे त्याला ते टोचणारच. फक्त एवढंच विचारते: हा निकाह ठरवला कोणी?

सिनेमा पुन्हा बघा. हिदायत खान सरहद्दीपलीकडे जातात, मित्राला आपल्या आजाराबद्दल सांगतात आणि तिथेच मुलीचा रिश्ता पक्का करतात. सेहमत तेव्हा दिल्लीच्या कॉलेजात आहे. तिला काही माहीत नाही. मग तिला घरी बोलावणं जातं. मग आजार सांगितला जातो. मग देश सांगितला जातो. आणि सगळ्यात शेवटी, रिश्ता होऊन गेल्यावर, ती तयार आहे का हा प्रश्न येतो. आई नको म्हणते, तिचं कोणी ऐकत नाही. खालिद मीर तिला परत फिरायची संधी देतो, हे खरं. पण मरणाच्या दारात उभा असलेला बाप समोर असताना, आजोबांपासून घराण्याने देशासाठी काय केलं ते ऐकवलं गेल्यावर, विशीतली मुलगी 'हो'शिवाय काय म्हणणार?

सिनेमाचं नावच हे आहे. राजी. मराठीतही आपण राजीखुशीने म्हणतो. आणि आमच्याकडे झालेल्या तीन चर्चांमध्ये एकाही पुरुषाने हा शब्द उच्चारला नाही. मुलींच्या गटात मात्र दहा मिनिटांत निघाला. बारावीतली एक मुलगी म्हणाली, "बाजी, हे तर आमच्या घरात झालं तसंच आहे. आपाचा रिश्ता आधी पक्का केला, मिठाई वाटली, मग अम्मीने खोलीत नेऊन विचारलं, तू राजी है ना?" बाकीच्या हसल्या. असं हसू मला ओळखीचं आहे. त्यातल्या तिघींच्या घरी तेव्हा बोलणी चालू होती.

सेहमतच्या निकाहवर बोट ठेवणाऱ्या चाचांना मी हेच विचारलं. काझीसाहेब वकील आणि गवाह घेऊन आत येतात, मुलीला विचारतात, ती मान खाली घालते, शेजारची फुफ्फी म्हणते "हां बोली", आणि बाहेर खजूर वाटले जातात. मुलीचं मौन म्हणजे तिचा होकार, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की कधीकधी तिचं रडणंही होकारात जमा होतं. पण खन्सा बिन्त खिदाम यांची हदीस जुम्म्याच्या बयानात किती वेळा ऐकलीत? त्यांच्या वालिदांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न लावलं, त्या रसूलुल्लाहांकडे गेल्या, आणि तो निकाह रद्द केला गेला. बुखारीत आहे. चाचांना ती हदीस ठाऊक होती, आणि त्यांनी तसं मान्य केलं. मग म्हणाले, "लेकिन वो अलग बात है." वेगळी कशी, ते त्यांनी सांगितलं नाही. चहा मात्र अर्धा टाकून गेले.

कपड्यांचं काय ते पटकन संपवते. २०२३च्या जानेवारीत 'पठान' आला. त्यात दीपिका पदुकोण पाकिस्तानच्या हेरखात्यात काम केलेली रुबीना होती. सिनेमा यायच्या आधीच तिच्या एका गाण्यातल्या भगव्या बिकिनीवरून मध्य प्रदेशच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी आक्षेप घेतला. त्याच राज्यातून काही उलेमाही पुढे आले, त्यांचा आक्षेप असा की यात मुसलमानांची बदनामी आहे. एरवी एका सतरंजीवर न बसणारी ही मंडळी एका बाईच्या अंगावरच्या कापडापाशी येऊन भेटली. रुबीना त्या सिनेमात बंदूक चालवते, दोनदा बाजू बदलते, नायकाला फसवते आणि वाचवतेही. त्यावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं.

इथे माझं सिनेमाशी असलेलं भांडण सांगते. 'राझी'त अब्दुल नावाचा नोकर आहे. आरिफ झकारियांनी तो फार छान केलाय. सेहमतवर पहिल्यापासून त्याचा संशय आहे, आणि त्याचा संशय बरोबर आहे. सेहमत त्याला जीपखाली चिरडते. नंतर ती न्हाणीघरात रडते आणि आपण तिच्याबरोबर रडतो. पुढे ती थोरल्या दिराला, महबूबला, छत्रीच्या टोकाने विष टोचून मारते. महबूबची बायको मुनीरा. ही भूमिका आपल्या अमृता खानविलकरने केली आहे, आणि ती पडद्यावर आली की आमच्याकडे दरवेळी कुजबूज होते, "अरे ही तर 'नटरंग'वाली." मुनीरा नव्या जावेला पोटच्या बहिणीसारखी वागवते. त्या घरात सेहमतचं सगळ्यात निर्मळ नातं तिच्याशी आहे. मग तिचा नवरा मरतो, ती पांढऱ्या कपड्यांत दिसते, आणि सिनेमा तिला मागे ठेवून पुढे जातो.

मुलींच्या गटात सगळ्यात शेवटी बोललेली मुलगी शिवणकाम करते, शाळा नववीत सुटलेली. तिने एकच प्रश्न विचारला: "मुनीराभाभीचं पुढे काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. सिनेमातही नाही. नवरा गेलेला, सासू नाही, दीर बॉम्बमध्ये गेला, ज्या जावेच्या गळ्यात पडून रडली तिनेच नवऱ्याला मारलं. एवढं सगळं कळल्यावर त्या बाईने काय केलं असेल? 'राझी'बद्दल मी जेवढी परीक्षणं वाचली त्यात हा प्रश्न मला भेटला नाही. नववीत शाळा सुटलेल्या मुलीने तो विचारला, कारण तिने पडद्यावर आपली माणसं मोजली नव्हती. तिने घर बघितलं होतं.

शेवटही तसाच. सेहमत पकडली जाऊ नये, पकडली गेली तर जिवंत राहू नये, म्हणून तिच्याच बाजूची माणसं बॉम्ब टाकतात. त्यात इक्बाल जातो, आणि सेहमत समजून बुरख्यातली एक दुसरीच बाई जाते. सेहमत जेव्हा तिच्या अधिकाऱ्यांना जाब विचारते, हे कसलं जग आहे जिथे नात्याला आणि जिवाला काही किंमत नाही असं ओरडते, तेव्हा मला हा सिनेमा मोठा वाटतो. काहींना नेमकी तीच जागा देशभक्तीत कमी पडलेली वाटली. आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ती जागा ऐकली नाही, कारण तोवर निकाल लागला होता, मुलगी पास झाली होती.

"मग आम्ही बघायचं तरी काय?" असं मुलं विचारतात, जरा चिडूनच. बघा सगळं. पण एक खरी हेर तुम्हाला माहीतच नाही याचा मला राग आहे. नूर इनायत खान. जन्म १ जानेवारी १९१४, मॉस्को. वडील हजरत इनायत खान, सूफी आणि गवई. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात संगीतशाळा काढणारे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा, म्हणजे धागा आपल्या ओळखीच्या गावापर्यंत येतो. आईकडून... नाही, वडिलांकडूनच, टिपू सुलतानच्या घराण्याशी नातं. नूर पॅरिसजवळ वाढली, वीणा वाजवायची, मुलांसाठी गोष्टी लिहायची. जातककथांचं तिचं पुस्तक १९३९ साली निघालं. फ्रान्स पडल्यावर ती इंग्लंडला गेली, हवाई दलाच्या महिला विभागात बिनतारी यंत्र शिकली, आणि जून १९४३मध्ये नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली. त्या कामावर पाठवलेली ती पहिली महिला रेडिओ ऑपरेटर. काही दिवसांतच तिच्या गटातली माणसं एकामागून एक पकडली गेली. परत ये म्हणून निरोप आला. ती आली नाही. पॅरिसमध्ये जागा बदलत, यंत्राची पेटी हातात घेऊन, तिने ऑक्टोबरपर्यंत संदेश पाठवले. फितुरीने पकडली गेली, पळायचे प्रयत्न केले, बेड्यांत महिने काढले, आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. १९४९मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये २०१२पासून तिचा अर्धपुतळा आहे.

तिच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी मी मुलांना मुद्दाम सांगते. श्राबणी बसू यांनी लिहिलेल्या तिच्या चरित्रात त्या आहेत. पहिली अशी की १९४२मध्ये अधिकारीपदासाठी मुलाखत होती आणि तिथे हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबद्दल प्रश्न आला. समोर बसलेले इंग्रज, दिवस 'चले जाव'च्या सालाचे. नूरने सांगितलं की लढाई चालू आहे तोवर घेतलेली शपथ पाळीन, पण नंतर वेळ आली तर मी हिंदुस्थानच्या बाजूने उभी राहीन. निष्ठेचा प्रश्न तिलाही विचारला गेला, आणि समोरच्याला जे ऐकायचं होतं ते न सांगता तिने जे होतं ते सांगितलं. तरी तिला घेतलं.

दुसरी गोष्ट ती फ्रान्सला निघायच्या आधीची. सोबतच्या काहींना शंका होती की हिला हे झेपणार नाही. तेव्हा व्हेरा ॲटकिन्स या अधिकारी बाईंनी तिला जेवायला नेलं आणि स्पष्ट विचारलं: तुला नक्की जायचंय का? नको असेल तर आत्ता सांग, कोणी तुला नाव ठेवणार नाही. नूर म्हणाली, जायचंय. तिला काळजी फक्त आईची होती. विचारणारी बाई होती, प्रश्न सगळं ठरायच्या आधी आला होता, आणि 'नाही' म्हणायला जागा ठेवली होती. ती नंतर मारली गेली, व्हेरा ॲटकिन्सच्या खात्याने त्या काळात गंभीर चुका केल्या, हेही मुलांना सांगते. पण राजी असणं म्हणजे काय ते सेहमतपेक्षा या जेवणाच्या टेबलावर जास्त नीट दिसतं.

२०१९चा एक सिनेमा आहे, 'अ कॉल टू स्पाय'. त्यात नूरची भूमिका पुण्यात वाढलेल्या राधिका आपटेने केली आहे. आमच्या तीन गटांत मिळून शंभराच्या आसपास लोक आले असतील. हा सिनेमा पाहिलेलं त्यात कोणी नव्हतं, नूरचं नाव फक्त निवृत्त मुख्याध्यापकांना माहीत होतं. आम्हाला "आपली" मुलगी पडद्यावर हवी असते म्हणतो आम्ही. ती आली, खऱ्या नावाने आली, पण तिच्यावर शिट्टी वाजली नाही, कारण ती जिच्यासाठी मेली ती आपली परीक्षा नव्हती. तिने आपल्याला कुठलंच सर्टिफिकेट मिळवून दिलं नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही हा सिनेमा लावणार आहोत. संवाद इंग्रजीत आहेत, काही फ्रेंच, तेव्हा मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगावं लागेल. ते काम मुनीराचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या धाकट्या बहिणीने घेतलंय. ती बी.ए.ला आहे आणि पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा म्हणतेय. घरात अजून कोणी हो म्हटलेलं नाही. गल्लीत दोघा-तिघांनी तिला आत्ताच "क्या सेहमत" म्हणायला सुरुवात केली आहे, आणि त्यातला एक जण तोच आहे ज्याने अधिकाऱ्याच्या त्या बोलण्यावर पहिली टाळी दिली होती. त्यालाही बोलावलंय. सिनेमा संपल्यावर आधी मुली बोलतील, मग मुलं. आणि बोलताना कोणी आवाज खाली करायचा नाही.